काचेच्या वाड्यातील बिऱ्हाडकरू

ऑर्लंडोजवळ राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या दिवाणखान्यात, ज्या कोपऱ्यात आपल्याकडे देव्हारा किंवा गेला बाजार पुस्तकांचे कपाट असते, त्या कोपऱ्यात चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि तितकीच उंच अशी एक काचपेटी आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात मी त्याच्याकडे मुक्कामाला गेलो, तो त्या पेटीकडे पाठ करूनच बसायचे असा संकल्प करून गेलो होतो. सरपटणाऱ्या प्राण्यांची मला भीती वाटते असे नाही. परंतु पाल चुकचुकली की जमिनीवर बोटे वाजवून 'कृष्ण कृष्ण' म्हणणाऱ्या आजीच्या हाताखाली ज्याचे बालपण गेले, त्याला पाल ही वस्तू विजेचे बिल भरून, थर्मोस्टॅट लावून आणि जिवंत रातकिडे विकत आणून घरात सांभाळण्याजोगी आहे, हे पटायला काही काळ जावा लागतो. माझा संकल्प दुसऱ्याच दुपारी ढळला, आणि तो ढळण्याचे कारण सौंदर्य नव्हते, कुतूहल होते.

पेटीच्या उजव्या टोकाला, प्रखर दिव्याखाली, एका चपट्या दगडावर ऑस्ट्रेलियाचा बेअर्डेड ड्रॅगन पसरला होता: हातभर लांबीचा, वाळूच्या रंगाचा, हनुवटीखाली काटेरी खवल्यांची दाढी असलेला सरडा, अंगातली जादा उष्णता बाहेर टाकण्यासाठी जबडा किंचित उघडा ठेवून, ओसरीवर बैठक मारलेल्या इनामदाराच्या ऐटीत. दिवाणखान्याच्या दुसऱ्या भिंतीशी एक नवी, बरीच लहान पेटी होती, आणि तिच्यातील सालीच्या तुकड्याखालून एक नाक बाहेर आलेले होते. ती लेपर्ड गेको. पिवळसर अंगावर काळे ठिपके. आपल्या घरातल्या पालीची असते तशी बोटांना चिकटपट्टी नाही, त्यामुळे काचेवर चढता येत नाही. आणि घरातल्या पालीला नसलेल्या पापण्या हिला आहेत. तिने माझ्याकडे पाहून त्या सावकाश मिटल्या आणि उघडल्या. मग ती पुढे सरकली, तेव्हा तिचे मागचे टोक दिसले. जिथे निमुळती, वलयांकित शेपटी असायची, तिथे एक गुळगुळीत, रंगहीन, सलगमासारखे बोंडुक होते.

"हिच्या शेपटीला काय झालं रे?"

"गेली, मामा. नवी येतेय. तीच तर सगळी कथा आहे. तुम्ही बसा, चहा टाकतो."

कथा अशी. दाढीवाला आधी आला. पुढे वर्षभराने, एका दुकानात रातकिडे आणायला गेला असता, भाच्याने ही पाल पाहिली आणि तिच्यासाठी निराळ्या पेटीचा खर्च पडेल म्हणून तो घुटमळला. तेव्हा विक्रेत्याने त्याला असा हिशेब मांडून दाखवला की, वकिलानेही मान डोलवावी. दोन्ही प्राणी कोरड्या मुलखातले. दोघांचे अन्न एकच, म्हणजे किडे. एक दिवसा जागा, दुसरी रात्री जागी. तेव्हा एका घरात राहूनही दोघांची गाठ पडण्याचा संभव नाही. हे ऐकताना मला आमचे जुने गिरणगाव आठवले, जिथे एका गाळ्यात दिवसपाळीचा कामगार उठून गेला की रातपाळीचा त्याच्याच वळकटीवर येऊन अंग टाकी, आणि दोन माणसांचे भाडे एका पथारीवर भागे. युक्तिवाद तोच होता. फरक एवढाच की गिरणगावातल्या त्या दोघांनी आपसात ठरवून ते केलेले असे, आणि कंटाळा आला की गावी निघून जाण्याची वाट त्यांना मोकळी असे.

तिन्हीसांजेचा विचार त्या हिशेबात नव्हता. लेपर्ड गेको ही पाल मध्यरात्रीची नव्हे, संधिप्रकाशाची आहे. दिवस कलला की ती बाहेर पडते, आणि त्या वेळी दाढीवाला अजून पुरता झोपलेला नसतो. दिवसाही ती विश्रांती घेते ती थंड कोपऱ्यात नव्हे, तर उबदार आडोशाखाली, कारण पोटातले अन्न पचवायला तिला खालून ऊब लागते. म्हणजे पेटीच्या ज्या उष्ण टोकावर दाढीवाल्याची वहिवाट असते, तेच टोक तिलाही हवे असते. त्यात भर अशी की, पूर्ण वाढलेला दाढीवाला दीड ते दोन फूट भरतो आणि ही पाल आठ-नऊ इंच. तोंडात मावेल ते सर्व खाद्य, या विषयावर दाढीवाल्याचे मत पक्के आहे.

तरीही चार महिने काहीच घडले नाही. निदान भाच्याला तसे वाटले. त्याने काढलेली छायाचित्रे मी पाहिली: पहाटे दिवा लागण्याच्या सुमारास दोघे एका दगडावर, पाल खाली आणि सरड्याचा पुढचा पंजा तिच्या पाठीवर. ती पाहून नातलग मंडळींनी 'किती गोड मैत्री' असे अभिप्राय कळवले होते. एका संध्याकाळी भाचेसून पाणी बदलायला गेली, तेव्हा वाळूवर एक शेपटी एकटीच वळवळत होती.

पालीची शेपटी तुटणे ही आपल्याला गंमत वाटते. शाळकरी पोरे तर त्यासाठी दगड मारतात. परंतु लेपर्ड गेकोची शेपटी ही तिची कणगी आहे. सुगीच्या दिवसांत मिळवलेली सर्व चरबी ती तिथे साठवते आणि दुष्काळात तिच्यावर जगते. शेपटी टाकणे म्हणजे चोराला वाट देण्यासाठी घरातले सगळे धान्य अंगणात ओतून पळणे. नवी शेपटी येते खरी, पण तिच्यात मणक्यांच्या जागी कूर्चेचा दांडा असतो, आणि ती वाढवायला लागणारी पुंजी तर आधीच गेलेली असते.

पशुवैद्य बाईंनी पालीला तपासले, विष्ठा परीक्षेला पाठवली, आणि मग भाच्याला एकच प्रश्न विचारला: हिचे वजन गेल्या चार महिन्यांत किती होते? त्याला सांगता येईना. घरी आल्यावर त्याने स्वयंपाकघरातला काटा घेऊन तिला एका वाडग्यात तोलले, तेव्हा ती ३८ ग्रॅम भरली. दुकानाच्या पावतीवर, सुदैवाने, विकतानाचे वजन लिहिलेले होते: ५५. म्हणजे शेपटीचा भार वजा केला तरी जे उरते, ते एका दिवसात गेलेले नव्हते. आदल्या सोळा-सतरा आठवड्यांत, त्या गोड छायाचित्रांच्या काळातच, पाल दर दिवशी थोडी थोडी उपाशी राहत आली होती. रातकिडे संध्याकाळी टाकले जात. दाढीवाला चपळ आणि अधाशी. पंक्तिप्रपंच असा की वाढपी निघून गेल्यावर दुसऱ्या पानावर काही उरतच नसे. आणि तिने तक्रार करावी तरी कोणाकडे, आणि कोणत्या तोंडाने?

याच जागी मला या विषयात रस उत्पन्न झाला, आणि मुक्कामाचे उरलेले पाच आठवडे मी त्याच्या मागे घालवले. कुत्रे विव्हळते, मांजर फिस्कारते, पोपट पिसे उपटून घेतो. सरडा मात्र आजारी पडला की निमूट होतो, आणि निरोगी असला तरी निमूटच असतो. उघड्या माळावर जो दुर्बळ दिसतो तो प्रथम उचलला जातो, म्हणून दुर्बळता लपवणे हा या जातींचा कोट्यवधी वर्षांचा शिरस्ता. त्यांच्या मारामाऱ्यांतही आवाज नसतो. दाढीवाला मान वरखाली हलवतो, दाढी फुगवून काळी करतो. ज्याला माघार घ्यायची तो एक पुढचा पाय उचलून हवेत सावकाश गोल फिरवतो. लोक त्याला 'हात हलवून रामराम करतो' म्हणतात. तो रामराम नव्हे, शरणचिठ्ठी आहे. एकावर एक बसणे हेही प्रेम नव्हे: ऊब एका जागी येते, ती जागा एक आहे, आणि वर बसलेला खालच्याचा प्रकाश अडवून स्वतःचा घेतो. एवंच, आपण ज्याला सलोखा म्हणतो, ते पुष्कळदा तोंड दाबून बुक्क्यांचा मार असते. फरक एवढाच की इथे बुक्केही दिसत नाहीत.

'दोघेही कोरड्या मुलखातले' या विधानाचा पंचनामा केला, तेव्हा तेही टिकले नाही. लेपर्ड गेकोचे पहिले शास्त्रीय वर्णन १८५४ साली एडवर्ड ब्लाइथने केले. हा गृहस्थ कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा व्यवस्थापक होता, आणि त्याला मिळालेला नमुना पंजाबातील मिठाच्या डोंगररांगेतला होता. अफगाणिस्तानपासून वायव्य हिंदुस्थानपर्यंतचे खडकाळ, दगडगोट्यांचे, रात्री गार पडणारे डोंगर हे तिचे माहेर; आणि तिची एक सख्खी बहीण, म्हणजे याच कुळातली निराळी जात, आपल्या सातपुड्यात राहते, जिचे शास्त्रीय नामकरण २०१४ साली सातपुड्यावरूनच झाले. दाढीवाला ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातला. दिवसभर खुंटावर चढून ऊन खाणारा. त्याला दिव्याखालची जागा ३८ ते ४२ अंश सेल्सिअस तापलेली लागते. पालीच्या उबदार आडोशाला ३१ ते ३३ अंश पुरतात, आणि त्यापलीकडे तिला सोसवत नाही. साताऱ्याचा आणि रामेश्वरचा माणूस दोघेही दख्खनकडचे म्हणून दोघांना एकाच पानावर वाढले, तर कोणाची तरी जीभ पोळणारच.

उन्हाचीही तीच कथा. सरड्याच्या त्वचेत ड-जीवनसत्त्व तयार होते ते सूर्यकिरणांतील अतिनील भागामुळे. तो न मिळाल्यास कॅल्शियम शोषले जात नाही, जबडा रबरासारखा मऊ पडतो, पाय वाकतात, आणि आपल्याकडे पोरांना होई तोच मुडदूस होतो. खिडकीची साधी काच हा भाग अडवते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील सरीसृपगृहाची आखणी ज्या जोन प्रॉक्टर बाईंनी केली, त्यांनी १९२७ साली ते उघडताना अतिनील किरण आत येऊ देणारी खास काच बसवली आणि एकाच दालनात ठिकठिकाणी कमीअधिक ऊब मिळेल अशी विजेची व्यवस्था केली. त्या काळी ही अपूर्वाई होती. प्रॉक्टर बाई वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेल्या. मोठी माणसे पुष्कळदा अल्पायुषी असतात असे म्हणण्याचा मोह मी आवरतो. पण त्यांचा कोमोडो ड्रॅगन त्यांच्यामागे पाळीव प्राण्यासारखा चालत असे, हे लिहिल्यावाचून राहवत नाही. पुढे २०१० साली गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोकळ्या रानात सरडे व साप किती ऊन अंगावर घेतात याची मोजणी करून त्यांचे चार गट पाडले. संधिप्रकाशात वावरणारी लेपर्ड गेको पहिल्या गटात जमा होते. दाढीवाला वरच्या गटांत. एका पेटीत एक दिवा लावला, तर तो दोघांपैकी एकासाठीच लावलेला असतो.

आता रोगराई. या भागाविषयी मी पशुवैद्य बाईंना बरेच छळले, आणि त्यांनी मला एक उदाहरण दिले, ज्याने माझी झोप उडवली. अमेरिकेत आणि युरोपात काटेशेपटीचे सरडे पाळतात, ज्यांना ते युरोमॅस्टिक्स म्हणतात. आपल्या कच्छ-राजस्थानातला सांडा हा त्यांचाच भाऊबंद. ज्याचे तथाकथित तेल विकणारे वैदू आमच्या लहानपणी बाजारात जिवंत सांडे पाठीवर पांगळे करून मांडून बसत, आणि ज्याच्या तेलात औषधी गुण असल्याचे कधी सिद्ध झालेले नाही. हा काटेशेपटीचाही उन्हाळलेल्या मुलखातला, दिवसा जागणारा, दाढीवाल्याच्या जोडीला आकाराने शोभणारा. त्यामुळे दोघांना एकत्र ठेवावे असे कोणालाही वाटेल, आणि उष्णता-उन्हाच्या हिशेबात चूकही सापडणार नाही. २००८ साली बेल्जियममधील संशोधकांनी वाळवंटी सरड्यांच्या कातडीवरील जखमांतून एक नवा जीवाणू वेगळा काढून त्याचे डेव्रिएसिया अगामारम असे नाव ठेवले. युरोमॅस्टिक्सच्या ओठांभोवती आणि कातडीवर त्याने जाड खपल्या धरतात, आणि तो रक्तात उतरला की प्राणी दगावतो. मग असे आढळले की, हाच जीवाणू धडधाकट दाढीवाल्याच्या तोंडात सुखाने नांदत असतो. दाढीवाल्याला त्याचा उपसर्ग नाही, बाहेरून काही दिसत नाही. आणि शेजाऱ्याला मात्र त्याच्या निव्वळ उष्ट्याने मरण येऊ शकते. या प्रकरणात कोणी भांडले नाही, कोणी कोणाचे अन्न पळवले नाही. दोष द्यावा असा मनुष्य शोधू गेल्यास तो पेटीच्या बाहेर उभा असतो.

बाईंच्या दप्तरात आणखीही नोंदी होत्या. कासवाच्या आतड्यात निरुपद्रवी राहणारा एक अमीबा सरड्यांना आणि सापांना प्राणघातक ठरतो. लेपर्ड गेकोच्या आतड्यात क्रिप्टोस्पोरिडियम शिरला की ती खाऊनही झिजते, शेपटीची काडी होते, आणि त्याची बीजे घरगुती ब्लीचलाही दाद देत नाहीत. म्हणून जाणकार नवा प्राणी आणला की निदान एक, शक्यतो तीन महिने त्याला निराळ्या खोलीत, निराळ्या चिमट्याने आणि निराळ्या पाण्याच्या भांड्याने सांभाळतात. भाच्याच्या पालीची विष्ठापरीक्षा सुदैवाने निर्दोष निघाली. तिला रोग नव्हता. तिला शेजार होता.

हे सर्व ऐकून माझ्या मनात साहजिकच उलट शंका आली. रानात तर कोणी कोणाला निराळ्या पेट्या देत नाही. एका झाडावर दहा जातींचे पक्षी, एका डोहात वीस जातींचे मासे. मग सरड्यांनीच काय घोडे मारले? शंका भाच्यापुढे मांडली, तेव्हा त्याने उत्तर न देता मला परसदारी नेले.

फ्लोरिडात ज्याला परसू म्हणतात ते म्हणजे जाळी लावलेली पडवी, हिरवळीचा तुकडा आणि लाकडी कुंपण. कुंपणाच्या खालच्या फळीवर बोटभर लांबीचे तपकिरी अॅनोल बसले होते, सात-आठ तरी. त्यांपैकी एक नर उठाबशा काढत गळ्याखालचा नारिंगी पंखा उघडमिट करीत होता. "आता वर बघा," भाचा म्हणाला. बरेच शोधल्यावर, ताडाच्या झावळीच्या बुडाशी, आमच्या डोक्याच्या कितीतरी वर, एक पोपटी रंगाचा अॅनोल दिसला. हिरवा हा या देशाचा मूळचा रहिवासी. तपकिरी क्युबा आणि बहामाकडून आला, आणि फ्लोरिडात त्याची पहिली नोंद १८८७ सालची आहे. हिरवा पूर्वी खालच्या खोडावरही दिसे. आता तो वरच्या मजल्यावर राहतो.

हे नुसते अनुमान नव्हे. त्याची रीतसर तपासणी झालेली आहे, आणि तीही भाच्याच्या घरापासून मोटारीने तासाभराच्या अंतरावर, मॉस्किटो लगून नावाच्या खाजणात. जहाजांचा मार्ग खोल करताना उपसलेला गाळ तिथे ढिगांनी टाकला गेला, आणि त्याची छोटी छोटी बेटे तयार झाली. १९९५ साली टॉड कॅम्बेल या संशोधकाने त्यांपैकी तीन बेटांवर तपकिरी अॅनोल सोडले आणि तीन बेटे तुलनेसाठी तशीच राखली. काही महिन्यांतच सोडलेल्या बेटांवरील हिरवे अॅनोल झाडांवर उंच सरकले. २०१० साली पुन्हा मोजणी झाली, आणि २०१४ साली 'सायन्स' नियतकालिकात तिचा वृत्तान्त आला: ज्या बेटांवर तपकिरी शिरले होते, तिथल्या हिरव्यांच्या पायांचे चिकट तळवे मोठे झाले होते आणि त्यांवरील पट्ट्यांची संख्या वाढली होती. वर, बारीक व गुळगुळीत फांद्यांवर टिकून राहायचे तर पकड चांगली हवी. सुमारे वीस पिढ्यांत देहच तसा घडला. आम्ही एका रविवारी ते खाजण पाहायला गेलो. पाण्यावर उन्हाची झळ, मधूनमधून झुडपांनी माखलेले बुटके ढिगारे, त्यांच्या कडेला बगळे. इतके मोठे प्रकरण तिथे घडले याची कसलीही खूण नाही. दिवसभर मी तेवढ्यावरच खूश होतो.

कॅरिबियन समुद्रातल्या मोठ्या बेटांवर तर अॅनोलांनी झाडाची वाटणी एखाद्या वाड्याच्या बिऱ्हाडांसारखी केलेली आहे: बुंध्यावरचे निराळे, खोडावरचे निराळे, बारीक फांद्यांवरचे निराळे, शेंड्याचे निराळे, गवतातले निराळे, पायांची लांबी, शेपटीची लांबी, सर्व त्या त्या मजल्याला साजेसे. हार्वर्डच्या अर्नेस्ट विल्यम्सने १९७२ साली या प्रकारांना स्वतंत्र संज्ञा दिली. सलोखा आहे, पण तो जागेच्या आणि काळाच्या बळावर झालेला सलोखा आहे. लक्षावधी वर्षे भांडून झालेला तहनामा आहे, आणि त्यात ज्यांना मजला मिळाला नाही त्यांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत.

जागा नसेल तर काय होते? मॉस्कोच्या जॉर्जी गाउस याने, वयाची पंचविशीही न गाठलेली असताना, काचेच्या नळ्यांत दोन जातींचे पॅरामिशियम एकत्र वाढवले. एकच अन्न, एकच पाणी. आणि थोड्याच दिवसांत एक जात उरली. १९३४ साली त्याने ते ग्रंथरूपाने मांडले. पण नळी लहान होती म्हणून असे झाले असेल, असे कोणी म्हणेल, म्हणून दुसरे प्रकरण सांगतो. १९७१ साली शास्त्रज्ञांनी एड्रियाटिक समुद्रातील पॉड कोपिश्टे बेटावरून इटालियन भिंतसरड्यांच्या पाच जोड्या उचलून शेजारच्या पॉड म्रचारू बेटावर सोडल्या, जिथे भिंतसरड्याची दुसरी एक जात आधीपासून नांदत होती. मग युगोस्लावियात यादवी झाली, राज्याचे तुकडे झाले, आणि त्या बेटांकडे दीर्घकाळ कोणी फिरकले नाही. २००४ नंतर संशोधक परतले, तेव्हा आगंतुकांची प्रजा बेटभर झालेली होती. त्यांची डोकी मोठी झाली होती, आतड्यात पाने पचवण्यासाठी नव्या झडपा आल्या होत्या, आणि जगभर त्याच गोष्टीची चर्चा झाली. मूळचे रहिवासी मात्र बेटावर एकही उरले नव्हते. पॉड म्रचारूचे क्षेत्रफळ सुमारे तीन हेक्टर, म्हणजे आपल्या मोजणीत सात एकरांवर. सात एकरांत दोन जातींचा निभाव लागला नाही. भाच्याच्या पेटीचा तळ आठ चौरस फूट आहे.

याचा अर्थ असा नव्हे की एकत्र ठेवणे सर्वथा पाप आहे. मोठी प्राणिसंग्रहालये ते करतात. पण त्यांच्याकडे खोलीएवढी दालने असतात, प्रत्येक जातीला निराळी ऊन खाण्याची जागा असते, दृष्टीआड होण्यासाठी आडोसे असतात, पाळतीवर पगारी माणूस असतो, आणि बिनसले तर दुसऱ्याच सकाळी हलवायला रिकामे दालन असते. घरगुती शौकिनांतही झाडाझुडपांच्या उंच पेटीत तळाशी चिमुकले विषारी बेडूक आणि वर बोटभर लांबीच्या मॉर्निंग गेको ठेवणारे कुशल लोक आहेत. या पालींच्या जातीत बहुधा नर नसतोच, माद्याच अंडी घालून माद्याच जन्माला घालतात. हवाई बेटांवरच्या प्रयोगांतूनही असे दिसले की, उघड्याबोडक्या भिंतीवर आपल्या घरातली पाल या मॉर्निंग गेकोचे किडे फस्त करून तिला उपाशी ठेवते, पण भिंतीला अडथळे आणि खाचाखोचा असल्या की तिचा वरचष्मा घटतो. आणि सरडे मुळातच एकलकोंडे, असाही हुकूम सोडता येत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात मायकेल बुल यांनी १९८२ पासून ज्या आखूडशेपट्या सापसुरळ्यांचा मागोवा घेतला, त्यांतील काही जोडपी दर वसंतात पुन्हा एकमेकांना शोधून वीस वर्षांहून अधिक काळ एकत्र राहिली. मात्र ती एकाच जातीची होती, आणि उरलेले आठ-नऊ महिने एकमेकांपासून दूर राहण्याइतका मुलूख त्यांना होता.

आपल्याकडील वाचकांसाठी दोन ओळी कायद्याच्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली घोरपडीसारखे देशी प्राणी घरात ठेवणे हा गुन्हा आहे. परदेशी प्राण्यांसाठी केंद्र सरकारने २०२० साली स्वेच्छेने माहिती देण्याची मुदत दिली. २०२२ च्या दुरुस्तीने आणि २०२४ च्या नियमांनी हिरव्या इग्वानासारख्या, आंतरराष्ट्रीय करारात समाविष्ट असलेल्या जातींची नोंदणी सक्तीची केली. मुंबई-पुण्यात हे छंद वाढत आहेत. अर्ज, दाखले, जन्ममृत्यूची नोंद हे सोपस्कार त्यांच्यामागोमाग येणारच. त्या नमुन्यात एका पेटीत किती बिऱ्हाडे, असा रकाना मात्र नाही.

माझ्या मुक्कामाच्या शेवटच्या रविवारी भाच्याने नेहमीप्रमाणे काटा टेबलावर मांडला. आधी दाढीवाला, तो वाडग्यात मावत नाही, म्हणून त्याच्यासाठी भाचेसुनेची जुनी रोवळी. त्याच्या वजनात फरक नव्हता. त्याच्या वजनात कधीच फरक पडलेला नव्हता, शेजारीण होती तेव्हाही आणि गेल्यावरही. मग भाच्याने हात धुतले, दुसऱ्या खणातला दुसरा चिमटा आणि दुसरे वाडगे काढले. संध्याकाळ झाली होती, पडवीच्या जाळीतून उजेड तांबूस येत होता. साल उचलावीच लागली नाही. पाल आपल्या पायांनी बाहेर आली, मध्यावर थांबली, आणि शेपटीचे ते बोंडुक वेड्यासारखे थरथरवत एका रातकिड्याकडे रोखून पाहू लागली.

"तोलू का आधी, मामा, की खाऊ द्यायचं?"

"खाऊ दे रे," मी म्हणालो.

तिने झेप घेतली, चुकली, पुन्हा घेतली. दोन किडे पोटात गेल्यावर भाच्याने तिला वाडग्यात ठेवले, आकडे स्थिर होईपर्यंत वाट पाहिली, आणि वहीत तारखेपुढे पेन्सिलीने लिहिले: ४९. मग त्यापुढे कंसात, 'दोन रातकिडे धरून'.